गोंदणाची नोंद कोण ठेवणार?

रक्तदान शिबिरात दात्याने हात पुढे करण्यापूर्वी जी प्रश्नावली भरावयाची असते, तीत एक साधा प्रश्न असतो : गेल्या वर्षभरात आपण अंगावर गोंदवून घेतले आहे काय? उत्तर ‘होय’ असेल, तर त्या दिवशी रक्त घेतले जात नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची 2017 ची दातानिवडीची मार्गदर्शक तत्त्वे आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 2020 ची दुरुस्ती, दोहोंनी ही मुदत बारा महिन्यांची ठरवली आहे. नियम जुना आहे, त्यामागील वैद्यकीय कारणही भक्कम आहे. मात्र हा प्रश्न नागरिकाला विचारला जातो तो फार उशिरा, सुई टोचून शाई कातडीत उतरल्यानंतर.

कोलकात्यात निवृत्तीनंतर मी अधूनमधून अशा शिबिरांत नोंदणीच्या टेबलाशी बसतो. दक्षिण कोलकात्यातील एका पाड्याच्या (मोहल्ल्याला इथे पाडा म्हणतात) क्लबने मे महिन्यात भरवलेले शिबिर होते. रांगेतील एक विशीतला तरुण चौथ्यांदा रक्त द्यायला आला होता. आधीच्या तिन्ही वेळांची कार्डे त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून आणली होती. त्याच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूस नवे, रेखीव गोंदण होते. दुर्गापूजेच्या आधी काढलेले, म्हणजे जेमतेम आठ महिन्यांचे. डॉक्टरबाईंनी हसून नकार दिला. ‘‘दीदी, काढताना हे कोणी सांगितलंच नाही,’’ तो म्हणाला. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘सांगायचं काम कोणाचं आहे, तेच कुठे लिहिलेलं नाही रे.’’ थट्टेत बोललेले ते वाक्य प्रशासकीय दृष्ट्या तंतोतंत खरे आहे.

कोलकात्याच्या दृष्टीने हा विषय किरकोळ नाही. देशातील पहिली रक्तपेढी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, याच शहरातील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत सुरू झाली. स्वेच्छा रक्तदानाच्या चळवळीचा आरंभ सांगताना मुंबईच्या लीला मुळगावकरांचे नाव आदराने घ्यावे लागते. 1954 पासून त्यांनी हे काम हाती घेतले होते. पण रक्तदानाला लोकोत्सवाचे रूप दिले ते बंगालने. इथे क्लबचा वर्धापनदिन, नेत्याची जयंती, कामगार संघटनेचे अधिवेशन, क्वचित लग्नाचा वाढदिवसदेखील शिबिराविना पार पडत नाही. रक्तविक्रयाच्या धंद्यावर सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात 1996 मध्ये बंदीचा मार्ग आखून दिला आणि 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणारे बाद झाले, तेव्हा त्या बदलाला सामोरे जाण्याची तयारी या राज्यात आधीपासून होती.

या व्यवस्थेचा एक ठरलेला दुबळेपणाही आहे. उन्हाळ्यात, निवडणुकीच्या धामधुमीत आणि पूजेच्या दिवसांत शिबिरे ओसरतात आणि रक्तपेढ्यांचे शीतकपाट रिते होऊ लागते. त्याची झळ सर्वप्रथम पोहोचते थॅलेसेमियाच्या मुलांना. त्यांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्यांचे वेळापत्रक निवडणूक आयोगाला विचारून ठरत नाही. पुरुष दात्याला नव्वद दिवसांच्या आणि स्त्री दात्याला एकशेवीस दिवसांच्या अंतराने रक्त देता येते. म्हणजे नियमाने रक्त देणाऱ्या एका तरुणाने एकदा गोंदवून घेतले, की वर्षभरातील चारपर्यंत पिशव्या हिशेबातून वजा होतात. आणि गोंदवणारा वयोगट आणि रक्त देणारा वयोगट हा बव्हंशी एकच.

बारा महिनेच का, हेही समजून घेतले पाहिजे. दूषित सुईतून हेपटायटिस ‘बी’, हेपटायटिस ‘सी’ आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू शिरू शकतात. शिरल्यानंतर रक्तचाचणीत दिसू लागेपर्यंत एक आंधळा कालखंड जातो; विषाणूगणिक आणि चाचणीगणिक तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असतो. या काळात दाता धडधाकट दिसतो, चाचणी स्वच्छ येते आणि रक्त मात्र निर्दोष नसते. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी ‘नॅट’ चाचणी हा कालखंड बराच आखूड करते, परंतु ती महाग आहे आणि आपल्याकडील प्रत्येक रक्तपेढीत ती होत नाही. तेव्हा मुदत लांब ठेवणे हेच शहाणपणाचे.

आता अन्य देशांकडे पाहू. ब्रिटनमध्ये ही मुदत चार महिन्यांची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल 2020 मध्ये ती बारा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली. शिवाय जिथे राज्य शासन गोंदण केंद्रांना परवाना देते व तपासणी करते, तिथे निर्जंतुक सुई आणि एकदाच वापरलेली शाई असेल, तर तेवढीही थांबण्याची आवश्यकता नाही. माझ्या मते या विषयातील सर्वांत बोलका मुद्दा हाच आहे. केंद्रावर शासनाचा विश्वास बसला, की रक्तपेढीचा दात्यावर विश्वास बसतो. आपण केंद्राकडे पाहतच नाही, म्हणून दात्याला वर्षभर बाहेर उभे करावे लागते.

राज्यसंस्थेने नागरिकाच्या कातडीकडे कधी पाहिलेच नाही, असे मात्र नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला याच शहरात झालेला एक निर्णय आठवतो. कंपनी सरकारने 1797 च्या रेग्युलेशनने बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा, शिक्षेची तारीख आणि न्यायालय गोंदवण्याची पद्धत सुरू केली. देशी शब्द तसाच उचलून कागदपत्रांत तिला ‘गोदना’ म्हटले गेले. पुढे खोटी साक्ष देणारे आणि बनावट दस्त करणारेही तिच्या कक्षेत आले. ठगांवरील मोहिमेतही ती वापरली गेली. कैदी पळाला तर ओळखावा, सुटला तर लोकांनी सावध राहावे, असा तिचा दुहेरी हेतू. कैद्यांनीही त्यावर आपला उपाय शोधला : पागोटे कपाळावर खाली ओढून बांधणे. अखेर 1849 च्या कायद्याने ही प्रथा संपली. पुढे अर्धशतकाच्या आतच, 1897 मध्ये, याच कोलकात्यात जगातील पहिली अंगुलिमुद्रा कचेरी उघडली आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी तिच्या वर्गीकरणाची घडी बसवली. जन्मजात खूण हाती आल्यावर कातडीवर वेगळी खूण करण्याचे कारण सरकारला उरले नाही.

प्रथा संपली, प्रवृत्ती संपायला वेळ लागला. डिसेंबर 1993 मध्ये अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळांवर ‘जेब कतरी’ म्हणजे पाकीटमार असे शब्द गोंदवले. तो प्रकार न्यायालयात गेला, भरपाईचे व शस्त्रक्रियेने ती अक्षरे काढून टाकण्याचे आदेश झाले आणि संबंधित पोलिसांना दोषी ठरवणारा निकाल 2016 मध्ये लागला. तेवीस वर्षे. स्वेच्छेने काढलेले गोंदण आणि सक्तीने उमटवलेले गोंदण यांत शाई तीच, सुई तीच असते. वेगळी असते ती संमती. आणि संमती म्हणजे काय, तर माहिती मिळाल्यावर दिलेला होकार.

आपल्याकडे गोंदण काही मॉलसोबत आले नाही. बंगालमध्ये त्याला ‘उल्की’ म्हणतात, संथाळ स्त्रिया ‘खोदा’ म्हणतात. महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात साठी ओलांडलेल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट ठिपके आणि तुळस दिसते. मेल्यावर दागिने इथेच राहतात, सोबत जाते ते गोंदण, ही समजूत त्यामागे असे. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते, हेही खरे. गोंदणारीण दारात आली की आई हात धरून बसवी. आजचा तरुण स्वतः निवडतो, पैसे मोजतो, हा मोठा फरक आहे. पण यात्रेतील गोंदणारिणीची सुई आणि वातानुकूलित दालनातील यंत्र यांमध्ये कायद्याच्या दृष्टीने आज काय अंतर आहे, याचा शोध मी घेऊ लागलो, तेव्हा जवळजवळ काहीच अंतर नाही असे आढळले.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 घ्या. ते कोणाला लागू आहेत याची यादी मोठी तपशीलवार आहे : रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा, पशुवैद्यकीय संस्था, लसीकरण व रक्तदान शिबिरे, इतकेच काय, शाळांतील प्रथमोपचाराच्या खोल्यादेखील. गोंदण केंद्रांचे नाव त्यात नाही. म्हणजे त्या तरुणाच्या हातात रक्त घेण्यासाठी खुपसलेली एक सुई कोणत्या डब्यात टाकावी हे शासनाने ठरवून दिले आहे. त्याच हातात मिनिटाला हजारो वेळा खुपसल्या गेलेल्या सुयांचे पुढे काय झाले, याविषयी नियम मौन बाळगतात. शाईची गोष्ट तर अधिक चमत्कारिक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 मधील सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत शरीराला चोळण्याच्या, शिंपडण्याच्या वस्तूंबरोबरच सौंदर्यासाठी शरीरात घालण्याच्या वस्तूही येतात. मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर गोंदण असेल असे मला वाटत नाही, पण शब्द पुरेसे व्यापक आहेत. त्या शब्दांचा उपयोग करून शाईच्या घटकांची मानके ठरवता आली असती. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले आणि वर्षभराने एक निळा व एक हिरवा असे दोन लोकप्रिय रंगही बंद केले. आपल्याकडे कर्नाटकाच्या आरोग्यमंत्र्यांनी 2025 च्या आरंभी शाईच्या नमुन्यांत बावीस धातू आढळल्याचे सांगून केंद्राकडे मानकांची मागणी केली. मागणी योग्य होती.

आणि स्थानिक परवाना? कोलकाता महापालिकेचे ‘सर्टिफिकेट ऑफ एन्लिस्टमेंट’ कोणत्याही दुकानाला घ्यावे लागते, तसे ते इथेही घेतले जाते. भिंतीवर ते चौकटीत लावलेले असते आणि ग्राहकाला वाटते, सरकारने तपासले आहे. ती व्यवसायाची नोंदणी आहे. निर्जंतुकीकरणाचा दाखला नव्हे. असे कागद मी माझ्या सेवाकाळात शेकड्यांनी पाहिले आहेत, आणि सांगू शकतो की त्यांतून सुईविषयी काहीही कळत नाही.

वयाबद्दल थोडे. गोंदवण्यासाठी किमान वय सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तथापि ज्या कृत्याने मृत्यू वा जबर दुखापत अभिप्रेत नाही, अशा कृत्याला अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमती असेल तर तो अपराध नव्हे, हे तत्त्व दंडसंहितेत आहे. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने याच शहरात 1837 मध्ये सादर केला होता. आता ते तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये आले आहे. शाळकरी मुलाच्या हातावर यंत्र चालवणारा कारागीर या संरक्षणाबाहेर उभा असतो, हे त्याच्या व मुलाच्या पालकांच्या ध्यानात आलेले बरे.

मग शासन सांगत नाही तोवर नागरिकाने काय जाणून घ्यावे? मी वैद्य नाही. परंतु त्वचारोगतज्ज्ञ जे एकमुखाने सांगतात, ते नीट मांडता येते.

पहिली गोष्ट म्हणजे शाई जाते कुठे. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, म्हणून यंत्र शाईला त्याखालच्या थरात उतरवते. शरीर तिला परकी वस्तू समजते. रक्षक पेशी तिचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि त्या कणांसह तिथेच ठाण मांडून बसतात. गोंदण टिकते ते या अपयशामुळे. काही कण लसिकाग्रंथींपर्यंतही जातात. म्हणून शाई कोणती, हा प्रश्न रंगाच्या आवडीपुरता नसतो. ॲलर्जी सर्वाधिक होते ती लाल रंगाने, आणि ती महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवू शकते. ठिपका आधी टोचून पाहिला म्हणजे निर्धास्त झालो, असे नाही. जत्रेत ‘तात्पुरता टॅटू’ म्हणून काढली जाणारी काळी मेंदीही निरुपद्रवी समजू नये. तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते आणि त्याने कातडीवर फोड येतात.

ज्यांच्या जखमा भरताना उंच, कठीण वण उठतात, त्यांनी छाती व खांद्यावर मुळीच गोंदवू नये. भारतीय त्वचेत ही प्रवृत्ती दुर्मीळ नाही. सोरायसिस असलेल्यांना गोंदणाच्या रेषेवरच नवे चट्टे उठू शकतात. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, गर्भारपण असेल तर थांबावे. तिळावर वा मशीवर कधीही गोंदवू नये, कारण पुढे तीळ बदलला तर तो दिसणार नाही. आणि हेपटायटिस ‘बी’ची लस. ती देशभरातील बालकांच्या नियमित लसीकरणात आली 2011 मध्ये. म्हणजे आज विशी-पंचविशीत असलेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. तिच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात घ्याव्या लागतात. पूजेला गोंदवायचे असेल, तर विचार होळीपूर्वीच करावा लागतो. ‘सी’वर लस नाही.

खुर्चीत बसल्यावर पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या पाहताना संकोच करू नये. सुईचे मोहोरबंद पाकीट आपल्यासमोर फुटले पाहिजे. शाई मोठ्या बाटलीतून थेट न घेता एकदाच वापरायच्या छोट्या टोपणात ओतली गेली पाहिजे, आणि उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. यात्रेतील खरा धोका सुईइतकाच त्या सामायिक वाटीत असतो. हातमोजे घालून मोबाइल उचलणारा कारागीर ते मोजे बदलतो का, हे पाहावे. काळ्याची राखाडी छटा करण्यासाठी तो पाणी कोणते वापरतो, हे विचारावे. हा प्रश्न फाजील वाटेल. पण न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरमध्ये 2011-12 मध्ये एकोणीस जणांना त्वचेचा चिवट जिवाणुसंसर्ग झाला, आणि शोध घेता तो आधीच पातळ करून बाटलीबंद केलेल्या राखाडी शाईपर्यंत पोहोचला. दुकान स्वच्छ होते, शाई नव्हती.

नंतरचे दोन ते चार आठवडे गोंदण ही उघडी जखम आहे, शोभेची वस्तू नव्हे. कोलकात्यातील दमट हवेत हे अधिक खरे. घामाने चिकटलेला कपडा, पावसाळ्यात साचलेले पाणी, गंगेतले स्नान, क्लबचा पोहण्याचा तलाव, ही सगळी तेवढ्या काळापुरती वर्ज्य. स्वच्छ पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन हलक्या हाताने टिपावे, सुगंध नसलेल्या मलमाचा पातळ थर द्यावा, खपली ओढू नये, ऊन लागू देऊ नये. हळद, खोबरेल, शेजारच्या मावशींचा लेप यांचा मोह आवरावा. आमच्याकडे बोरोलिनवर सर्वांची श्रद्धा आहे, ती इतर जखमांसाठी राखून ठेवावी. थोडी लाली आणि ठणका पहिले काही दिवस असतोच. लाली पसरू लागली, पू आला, ताप भरला, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. सगळे बरे झाल्यावर काही आठवड्यांनी रेषेवर पुटकुळ्या उठल्या, तर त्या ‘उष्णतेच्या’ म्हणून सोडू नयेत. वर सांगितलेला जिवाणू असाच उशिरा वर येतो. सुईविषयी शंका असेल तर चाचणी करून घ्यावी. एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन केंद्रांत विनामूल्य व गोपनीय होते. हेपटायटिस ‘बी’ व ‘सी’ची तपासणी आणि उपचार राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमाखाली 2018 पासून मोफत आहेत. हेपटायटिस ‘सी’ आज औषधाने बरा होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली, तर तंत्रज्ञाला गोंदणाविषयी आधी सांगावे. क्वचित त्या जागी उष्णता जाणवते, एवढेच.

काढून टाकण्याचे म्हणाल, तर लेझरने ते होते, पण एका बैठकीत नव्हे. सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, काळा रंग तुलनेने लवकर फिकट होतो, हिरवा आणि पिवळा हट्टी असतात, आणि सावळ्या त्वचेवर मागे पांढुरका डाग राहू शकतो. प्रेयसीचे नाव गोंदवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, हे मी जाणतो.

परंतु नावापेक्षा महाग पडते ती जागा. निमलष्करी दलांच्या भरतीच्या वैद्यकीय निकषांत गोंदणाविषयी तीन अटी आहेत. आशय : धार्मिक चिन्ह, आकृती वा नाव चालते. जागा : डाव्या हाताची, म्हणजे सलाम न करणाऱ्या हाताची, कोपराखालील आतली बाजू किंवा पंजाची पाठ. आकार : त्या अवयवाच्या एक-चतुर्थांशाहून कमी. भूदलाचे निकष जवळपास असेच, पण तिथे डाव्याउजव्याचा भेद नाही, आणि आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेनुसार सवलत आहे. याचा अर्थ असा, की उजव्या हाताच्या आतल्या बाजूस ‘ॐ’ काढलेला तरुण सैन्याला चालतो आणि सीमा सुरक्षा दलाला चालत नाही. सलामीचा हात सर्वत्र तोच असताना हा भेद का, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. बांकुडा-पुरुलियाच्या किंवा सोलापूर-बीडच्या मुलासाठी ही भरती म्हणजे घराचे भवितव्य असते. लेखी परीक्षा आणि धावण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्यावर तो वैद्यकीय फळीसमोर येतो, आणि तिथे कधी काळी यात्रेत शंभर रुपयांत काढलेली आकृती आडवी येते. सोलापूरच्या एका उमेदवाराला औद्योगिक सुरक्षा दलाने हातावरील धार्मिक चिन्हामुळे नाकारले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. दिल्ली उच्च न्यायालयातही अशी प्रकरणे गेली, आणि गोंदण काढून टाकण्याची संधी उमेदवाराला मिळाली. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती जणांची असते? शिबिरातल्या त्या तरुणाचे गोंदण उजव्या हातावर होते, हे मी आधी लिहिलेच आहे. तो भरतीची तयारी करत होता की नाही, हे मी विचारले नाही.

नवा कायदा करा, असे म्हणण्याचा मोह सेवानिवृत्त अधिकाऱ्यांना फार लवकर होतो. इथे त्याची आवश्यकता नाही. कचरा नियमांच्या यादीत दोन शब्द वाढवणे हे पर्यावरण मंत्रालयाच्या एका अधिसूचनेचे काम आहे. शाईची मानके सध्याच्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली आणता येतील. महापालिकेने नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी निर्जंतुकीकरण यंत्राची पाहणी आणि कारागिराच्या लसीकरणाचा दाखला मागितला, तर चांगले कारागीर त्याचे स्वागतच करतील. कोलकात्यात मी ज्यांच्याशी बोललो, त्यांची तक्रार नियमांविरुद्ध नव्हती, फुटपाथवर तेच काम पाचव्या हिश्श्याने करणाऱ्यांविरुद्ध होती. अर्थात परवाना म्हटला की निरीक्षक आला, आणि निरीक्षक आला की काय येते, हेही मी पाहिले आहे. यात्रेतील गोंदणारिणीला पोलिसांकरवी हुसकावून लावणे, हा या सुधारणेचा पहिला परिणाम होता कामा नये. तिच्या हाती मोहोरबंद सुया आणि टोपणे स्वस्तात पोहोचवणे हे आरोग्य खात्याला जमण्यासारखे आहे. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमात याहून अवघड गोष्टी या देशाने केल्या आहेत.

आणि एक कागद. गोंदण केंद्राने प्रत्येक ग्राहकाला आधी वाचायला द्यावा, सही घ्यावी आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवावी. त्यावर तारीख, शाईचे नाव व तिच्या बाटलीचा क्रमांक, सुईच्या पाकिटाचा क्रमांक, कारागिराचे नाव. आणि खाली तीन ओळी : यानंतर बारा महिने रक्तदान करता येणार नाही. सैन्य, निमलष्करी दले किंवा पोलीस यांच्या भरतीचा विचार असल्यास जागा व आकाराचे निकष पाहावेत. ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. छपाईचा खर्च रुपयाहून कमी. पुढे कधी केंद्रांची तपासणी सुरू झाली आणि रक्त संक्रमण परिषदेला ही मुदत घटवण्याचा विचार करावासा वाटला, तर आधार म्हणून अशाच नोंदी लागतील. आज परिषदेने त्या मागितल्या तरी देणार कोण?

तोवर ज्याचे त्याने तारीख लिहून ठेवावी, हे उत्तम. शिबिरात ‘केव्हा काढलेत?’ या प्रश्नावर निम्मे तरुण ‘मागच्या पूजेला, बहुधा’ असे म्हणतात, आणि ‘बहुधा’वर कोणतीही डॉक्टर रक्त घेत नाही. यंदा महालयाच्या आठवड्यात जे खुर्चीत बसतील, त्यांचे रक्त पुढच्या महालयापर्यंत चालणार नाही. म्हणून ज्यांचे नव्वद दिवस पूर्ण झाले आहेत, त्यांनी आधी शिबिरात यावे आणि जखम बुजल्यावर, काही दिवसांनी, गोंदवायला जावे.